म्यानमारहून येणारी हेल्पर: सिंगापुरातल्या मराठी घरासाठी पहिल्या चौकशीपासून पहिल्या वर्षापर्यंत

सिंगापुरात एजन्सीमार्फत म्यानमारची हेल्पर, म्हणजे घरात राहून काम करणारी मदतनीस, ठेवायची म्हटलं की बहुतेक घरांत पहिला प्रश्न निघतो तो पगाराचा. आमच्या मते आधी दुसरंच काहीतरी विचारायला हवं. ती चांगी विमानतळावर उतरेल तेव्हा तिच्या डोक्यावर किती कर्ज असेल, आणि ते फिटेपर्यंत दर महिन्याला तिच्या हातात किती पडेल? पुढच्या बऱ्याच गोष्टी याच आकड्यावर ठरतात. ती टिकेल का, चौथ्या महिन्यात रडून परत जायचं म्हणेल का, चूक झाली तर सांगेल की लपवेल, हे सगळं त्यात येतं. म्हणून या लेखात त्या हिशेबाला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. लेखातले सगळे आकडे सिंगापूर डॉलरमध्ये आहेत.

कोण ठेवू शकतं, कोण येऊ शकतं

नियम मनुष्यबळ मंत्रालयाचे, म्हणजे एमओएमचे. हेल्पर ठेवणाऱ्या मालकाचं वय किमान २१ हवं, तो दिवाळखोर नसावा, आणि हेल्परचा खर्च पेलण्याइतकं उत्पन्न हवं. पहिल्यांदाच हेल्पर ठेवणाऱ्याला सुमारे तीन तासांचा ईओपी हा मालकांसाठीचा ओळखवर्ग करावा लागतो. तो ऑनलाइन होतो, पण अर्ज करण्याच्या किमान दोन कामाचे दिवस आधी संपवायला हवा. एजन्सी अर्ज भरायला बसते आणि तेव्हा कळतं की ईओपी राहिलाच, असं नेहमी होतं. एजन्सीच्या पहिल्या फेरीआधीच तो उरकून टाका.

हेल्पर स्त्री असावी, पहिल्या अर्जाच्या वेळी वय २३ ते ५० मध्ये असावं आणि किमान आठ वर्षं शाळा झालेली असावी. म्यानमार मान्य देशांच्या यादीत आहे.

दरमहा सरकारला लेव्ही भरावी लागते. पहिल्या हेल्परसाठी ती ३०० डॉलर आहे. घरात सोळा वर्षांखालचं मूल, ६७ किंवा त्याहून मोठं माणूस किंवा अपंग व्यक्ती असेल तर ती ६० डॉलरवर येते. मराठी घरांचा हिशेब नेमका इथेच चुकतो. सवलत मिळते ती त्या मुलाच्या किंवा वृद्धाच्या सिंगापूर नागरिकत्वावर. ईपीवर, म्हणजे परदेशी नोकरदाराच्या पासवर असलेल्या जोडप्याचं भारतीय पासपोर्टचं बाळ, किंवा पुण्याहून मुक्कामाला आलेले आजी-आजोबा यात धरले जात नाहीत. त्यांनी ३०० च धरून चालावं. आणि लेव्ही तुमचीच, ती हेल्परच्या पगारातून कापता येत नाही.

एजन्सी निवडताना

एमओएमच्या संकेतस्थळावर परवाना असलेल्या सगळ्या एजन्सींची यादी आहे. तिथे एजन्सीचं नाव टाका आणि तिने आणलेल्या हेल्पर एका मालकाकडे किती टिकतात ते पाहा. किती हेल्पर आणल्या यापेक्षा किती टिकल्या हा आकडा मोलाचा. तुमच्याशी बोलणारी व्यक्ती त्या एजन्सीची नोंदणीकृत कर्मचारी आहे का, तेही तिथेच दिसतं.

त्यानंतर विचारायचं ते म्यानमारच्या बाजूबद्दल. सिंगापूरची एजन्सी स्वतः गावोगाव फिरत नाही. साखळी साधारण अशी असते: गावातला दलाल, यांगोनमधली परवानाधारक पाठवणी एजन्सी आणि तिचं प्रशिक्षण केंद्र, मग सिंगापूरची एजन्सी. प्रत्येक टप्प्यावर पैसे लागतात आणि बहुतेक पैसे शेवटी मुलीच्या नावावर चढतात. यांगोनची एजन्सी कोणती, मुलगी तिथे किती आठवडे राहते, रोज काय शिकवतात, हे विचारा. नीट काम करणारी एजन्सी ही माहिती सरळ देते. "ते सगळं आमच्याकडे सोपवा" एवढंच उत्तर मिळालं तर दुसरी एजन्सी बघा.

आपला करार एजन्सीशी आणि हेल्परशी असा दोन्हीकडे होतो. एजन्सीच्या करारात चार गोष्टी अक्षरात लिहून घ्या. बदली हेल्पर किती महिन्यांत आणि किती वेळा मिळेल, बदली होईपर्यंत आधीची एजन्सीच्या जागेत राहिली तर तिच्या जेवणाखाणाचे पैसे कोण देणार, परतावा किती दिवसांत येणार, आणि मुलगी म्यानमारमधून निघूच शकली नाही तर तुम्ही भरलेल्या पैशांचं काय होणार. हा शेवटचा मुद्दा पूर्वी कुणी विचारत नसे. आता विचारायलाच हवा, त्याचं कारण पुढे येईल.

कर्जाचा हिशेब, ओळीओळीने

सिंगापूरचा कायदा इथली एजन्सी हेल्परकडून किती घेऊ शकते ते ठरवतो. कराराच्या प्रत्येक वर्षामागे एका महिन्याचा पगार, आणि कितीही झालं तरी दोन महिन्यांपेक्षा जास्त नाही. मालकाने सहा महिन्यांच्या आत काम थांबवलं तर त्यातली किमान निम्मी रक्कम एजन्सीला तिला परत द्यावी लागते. पण यांगोनमधला प्रशिक्षणाचा, कागदपत्रांचा आणि दलालाचा खर्च या मर्यादेत मोजला जात नाही. कर्ज फुगतं ते तिथेच.

व्यवहारात ही सगळी रक्कम मालक आधी भरतो आणि मग महिन्यामागे तिच्या पगारातून वळती करतो. एक उदाहरण घेऊ. पगार ६०० डॉलर. इथल्या एजन्सीची फी दोन महिन्यांची, म्हणजे १,२००. म्यानमारचा खर्च समजा २,४००. एकूण ३,६००, म्हणजे बरोबर सहा महिन्यांचा पगार.

एजन्सी सहसा सुचवते की पहिले सहा-सात महिने जवळजवळ सगळा पगार कापा आणि हातखर्चाला थोडंसं द्या. मालकालाही ते सोयीचं वाटतं, पैसे लवकर सुटतात. पण त्या घरची बाजू बघा. मुलगी परदेशी कमवायला गेली, गावात सगळ्यांना माहीत, आणि सहा महिने घरी एक पैसा पोचत नाही. तिसऱ्या महिन्यात आईचं दुखणं निघतं, भावाची शाळा अडते, फोनवर रोज रडारड. मग ती बाहेरच्या सावकाराकडून व्याजाने पैसे उचलते, नाहीतर "परत पाठवा" म्हणते. सुरुवातीच्या महिन्यांत मोडणाऱ्या नोकऱ्यांमागे पुष्कळदा हेच असतं. मालकाला मात्र वाटतं की मुलगी आळशी निघाली.

आमचा सल्ला: हप्ता कमी करा, मुदत वाढवा. वरच्या उदाहरणात महिन्याला ४०० कापले तर नऊ महिन्यांत कर्ज फिटतं आणि तिच्या हातात दर महिन्याला २०० येतात. ती सहाव्या महिन्याच्या शेवटी निघून गेली तर तुमचे २,४०० वसूल झालेले असतील आणि १,२०० बाकी. ही जोखीम खरी आहे. म्हणूनच एजन्सीच्या करारात एक ओळ हवी: ती दुसऱ्या मालकाकडे गेली तर बाकी कर्ज नव्या मालकाकडून घेऊन तुम्हाला द्यायची जबाबदारी एजन्सीची, आणि ती मायदेशी परतली तर बाकीतला किती भाग एजन्सी सोसेल. ही ओळ नसेल तर बाकी रक्कम बुडाली असंच धरून चाला.

हप्त्यांचं कोष्टक छापून तिला द्या. महिना, कापलेली रक्कम, हातात दिलेली रक्कम, उरलेलं कर्ज, तिची सही, तुमची सही. एक प्रत तिच्याकडे, एक तुमच्याकडे. कर्ज किती उरलं हे तिला तोंडी विचारावं लागू नये.

तुमचा खर्च यापलीकडे आहे. एजन्सीची तुमच्याकडची सेवा फी, एमओएमच्या अर्जाचे ३५ आणि वर्क परमिटचे ३५ डॉलर, विमा, वैद्यकीय तपासण्या, विमानाचं तिकीट, हेल्परसाठीचा एक दिवसाचा एसआयपी हा ओळखवर्ग. यातलं काहीही तिच्या खात्यावर टाकू नका. ६०० पगार आणि ३०० लेव्ही धरली तर अन्न-पाणी-औषध सोडूनच महिन्याला ९०० होतात. हा आकडा दोन वर्षं पेलेल का, ते घरात बसून आधी ठरवा.

बायोडेटा वाचताना आणि व्हिडिओ मुलाखत घेताना

सगळ्याच मुलींच्या बायोडेट्यात स्वयंपाक, बाळ, आजारी माणसं, कुत्रा या सगळ्या चौकोनांवर खूण केलेली असते. त्या खुणा एजन्सीच्या असतात. बायोडेटा वय, शिक्षण, धर्म, भावंडं आणि आधीचं काम यासाठी वाचा आणि बाकीचं मुलाखतीत काढा.

म्यानमारमधून येणाऱ्या सगळ्याच मुली बर्मी भाषक नसतात. बऱ्याच जणी चिन, कचिन, कायिन किंवा शान समाजातल्या असतात. चिन आणि कचिन मुली बहुधा ख्रिस्ती, बामार, म्हणजे बहुसंख्य बर्मी समाजातल्या मुली बहुधा बौद्ध. चिन मुलीसाठी बर्मी हीसुद्धा शाळेत शिकलेली भाषा असू शकते आणि इंग्रजी त्यापुढची. म्हणून "बर्मी दुभाषी आहे" एवढं ऐकून निर्धास्त होऊ नका. घरी कोणती भाषा बोलतेस, ते विचारा.

नावाचंही लक्षात ठेवा. बर्मी लोकांत आडनाव नसतं. फॉर्मवर आडनावाच्या रकान्यात नावाचाच एखादा तुकडा जातो आणि पासपोर्ट, विमा व परमिट यांवर तीन वेगळी नावं होतात. पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने सगळीकडे लिहा. "मा" हा शब्द नावाआधी दिसला तर तो ताईसारखा मानाचा शब्द आहे.

वयाची खातरजमा करा. पासपोर्टवर २३ पूर्ण दाखवायला वाढवलेली वयं या क्षेत्राला नवीन नाहीत. कितवीत असताना शाळा सोडली, ते साल कोणतं, धाकट्या भावाचं वय किती, असे प्रश्न गप्पांच्या ओघात विचारा आणि आकडे जुळतात का पाहा. बर्मी बौद्ध कुटुंबांत जन्मवाराला फार महत्त्व, बाळाचं नावही वारावरून ठेवण्याची रीत आहे. त्यामुळे वार बहुतेकींना पाठ असतो. पासपोर्टवरच्या तारखेला तोच वार येतो का, हे बघता येतं. तो पुरावा धरू नका. पण वार, साल आणि शाळा तिन्ही जुळत नसतील तर पुढे जाऊ नका.

मुलाखतीची वेळ ठरवताना यांगोनचं घड्याळ सिंगापूरच्या दीड तास मागे आहे हे ध्यानात ठेवा. तिथे वीज जाते, कॉल तुटतो. तुटला म्हणून मुलगी नापास करू नका. दोनदा बोला, एकदा एजन्सीच्या माणसासमोर आणि एकदा त्याच्याशिवाय.

आता मुलाखतीतली मुख्य अडचण. बर्मी माणूस समोरच्याचा मान राखायला "होउके" म्हणतो, म्हणजे "हो जी". त्याचा अर्थ "तुमचं ऐकलं" इतकाच असू शकतो. "समजलं" किंवा "मला जमेल" असा अर्थ त्यात असेलच असं नाही. यामागे "आनादे" नावाची भावना आहे. समोरच्याला आपल्यामुळे त्रास, संकोच किंवा नाराजी होऊ नये म्हणून मनातलं गिळून टाकायचं. आपल्याकडच्या भिडेसारखीच, पण तिच्याहून खोल रुजलेली. म्हणून हो-नाही उत्तराचे प्रश्न टाळा. "बाळ सांभाळता येतं का?" याला उत्तर "होउके"च येणार. त्याऐवजी असं विचारा:

बाळाला ताप आला आणि घरी कोणी नाही, तर पहिलं काय करशील?
तुझ्या घरी भात कशावर शिजवतात? लाकडं, कोळसा, गॅस की वीज?
आमच्या घरात मांस-मच्छी शिजत नाही. तुला रोज काय खायला लागेल?
पगारातून दर महिन्याला किती कापणार आणि किती महिने, ते मला तूच सांग.

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. उत्तर देताना ती एजन्सीच्या माणसाकडे बघू लागली तर समजा की तिला कर्जाची रक्कम नीट सांगितलेलीच नाही. मग मुलाखत तिथेच थांबवून आकडे तिच्या भाषेत लिहून द्यायला सांगा.

तुमची बाजूही लपवू नका. घरात माणसं किती, आजोबांना उचलावं लागतं का, ती कुठे झोपणार, रविवारी सुट्टी असेल का, फोन केव्हा वापरता येईल. खोटं चित्र दाखवून आणलेली मुलगी दुसऱ्या आठवड्यात खरं चित्र बघते.

अर्ज, कागद आणि म्यानमारची दारं

निवड झाली की एजन्सी एमओएमकडे अर्ज करते. मंजुरी आली की आयपीए, म्हणजे तत्त्वतः मंजुरीचं पत्र निघतं. त्यावर पगार छापलेला असतो, आणि त्याची तिच्या भाषेतली प्रत ती निघण्याआधी तिला मिळायलाच हवी. ती मिळाली का, हे एजन्सीला न विचारता तिलाच व्हिडिओ कॉलवर विचारा आणि पत्र कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. तिथे छापलेला पगार नंतर कमी करता येत नाही.

ती विमानात बसण्याआधी दोन गोष्टी झालेल्या हव्यात. एक, ५,००० डॉलरचा सिक्युरिटी बाँड, म्हणजे सरकारला दिलेली हमी. रोख भरावे लागत नाहीत, विमा कंपनी हमी देते. ती बेपत्ता झाली, तुम्ही शोधायचा प्रयत्न केला आणि पोलिसांत तक्रार दिली, तरी त्यातले २,५०० जप्त होऊ शकतात. त्यावरची जबाबदारी माफ करणारी जोड विमा कंपन्या थोड्या पैशांत देतात, ती घ्या. दुसरी गोष्ट विमा: वर्षाला किमान ६०,००० डॉलरचा रुग्णालय विमा आणि ६०,००० चा अपघात विमा. रुग्णालयाचं बिल १५,००० च्या वर गेलं तर वरच्या रकमेचा चौथा हिस्सा तुमच्यावर येतो. एजन्सी जी स्वस्त पॉलिसी पुढे करते तिच्यात हा हिस्सा वाचवणारी सोय आहे का, विचारा.

आता म्यानमारची बाजू. त्या सरकारने २०१४ मध्ये सिंगापुरात घरकामाला जाण्यावर बंदी घातली होती, ती २०१९ मध्ये उठली. मधल्या काळात मुली येतच होत्या, पण कागदांशिवाय आणि म्हणून जास्त असुरक्षित. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सक्तीच्या लष्करी भरतीचा कायदा लागू झाला, आणि त्यात १८ ते २७ वयाच्या स्त्रियाही कागदोपत्री येतात. २३ ते २७ वयाची मुलगी निवडताना परदेशी जाण्याचे नियम एका रात्रीत बदलू शकतात हे गृहीत धरा. करारातली "निघूच शकली नाही तर" ही ओळ याचसाठी.

तिच्याकडे कामगार म्हणून परदेशी जाणाऱ्यांसाठीचा पासपोर्ट आणि ओविक हे परदेशी कामगार ओळखपत्र हवं. पासपोर्टची मुदत बघा. ती दोन वर्षांहून कमी उरली असेल तर वर्क परमिटही तेवढ्याने आखूड मिळतं, आणि सिंगापुरातल्या वकिलातीत पासपोर्ट नवा करणं वेळखाऊ आणि खर्चिक आहे. २०२३ पासून म्यानमार सरकारने परदेशातल्या कामगारांना कमाईचा किमान चौथा भाग अधिकृत मार्गाने घरी पाठवणं सक्तीचं केलं आहे. अधिकृत दर बाजारापेक्षा बराच कमी असल्याने घरच्यांच्या हातात कमी पडतं, म्हणून मुली वैतागतात. निर्णय तिचा. पण अधिकृत मार्गाने पाठवलं तर पावत्या जपून ठेवायला सांगा, पासपोर्टच्या वेळी त्या लागतात.

पहिले पंधरा दिवस

पहिल्यांदा सिंगापुरात येणाऱ्या हेल्परला तीन दिवसांत एसआयपी हा एक दिवसाचा वर्ग करावा लागतो. त्यात रविवार आणि सुट्ट्या धरत नाहीत. पंधरवड्याच्या आत वैद्यकीय तपासणी आणि परमिटचं काम. पहिल्यांदा आलेल्या हेल्परची लेव्ही पाचव्या दिवसापासून सुरू होते.

या दिवसांत तिच्यावर बाळ किंवा आजारी माणूस एकट्याने सोपवू नका. दोघंही नोकरी करत असाल तर एकाने किमान पाच कामाचे दिवस रजा घ्या. ही रजा नाही जमली म्हणून बिघडलेली घरं पुष्कळ आहेत.

फोन तिच्याकडेच राहू द्या. पहिल्या संध्याकाळी वायफाय जोडून द्या आणि घरी पोचल्याचं कळवायला सांगा. पासपोर्ट तिचा, वर्क परमिटचं कार्डही तिचंच. "सुरक्षित ठेवतो" म्हणून तिचे पैसे तुमच्याकडे ठेवणं २०१९ पासून बेकायदा आहे.

स्वयंपाकघर

मराठी घरात सगळ्यात आधी घाबरवतो तो कुकर. लाकडावर किंवा कोळशावर भात शिजवत आलेल्या मुलीला शिट्टीचा आवाज म्हणजे काहीतरी फुटतंय असंच वाटतं. पहिल्या दिवशी रिकामा कुकर टेबलावर उघडून ठेवा. झाकणातली रबरी रिंग काढून परत बसवायला लावा. शिट्टी काढून भोक उजेडात धरून दाखवा, तिथे भाताचं शीत अडकलं तर काय होतं ते हाताने दाखवा. मग एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, तीन शिट्ट्या, गॅस बंद, आणि वाफ पूर्ण बसेपर्यंत झाकणाला हात नाही. हे तीन दिवस तुमच्यासमोर करू द्या. चौथ्या दिवशी तुम्ही फक्त उभे राहा. घाईत झाकण ओढणं हाच इथला खरा अपघात, आणि "समजलं का?" विचारून तो टळत नाही.

मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांना आणि कडधान्यांच्या बरण्यांना नावं तिलाच तिच्या लिपीत लिहू द्या. हळद, तिखट, मीठ तिच्या ओळखीचं आहे. जिरं-मोहरी, धने-जिरे पूड, गोडा मसाला नवीन. तूर आणि उडीद तर आपल्याकडे म्यानमारहूनही येतात, डाळ तिला परकी नाही. बेसनही नाही. शान भागातला तोफू बेसन पाण्यात हळद घालून घोटत शिजवून, थापून, कापून करतात, म्हणजे आपल्या पाटवडीचा भाऊच. शिकवायची सुरुवात पिठलं आणि पाटवडीपासून करा. तिचा हात तिथे आधीच बसलेला असतो आणि पहिलं कौतुक लवकर मिळतं. चपाती शेवटी ठेवा, तिला दोन-तीन महिने द्या.

तिचं स्वतःचं जेवण हा वेगळा विषय आहे. बर्मी जेवणात ङापी असते, आंबवलेल्या मासळीची पेस्ट. वास उग्र, कोकणातल्या घरांना सुकटीवरून अंदाज येईल. शाकाहारी घरात ती शिजवू देणं जमणार नसेल तर मुलाखतीतच सांगा आणि तिच्यासाठी काय करणार तेही सांगा. दोन अंडी रोज, वेगळा तवा, रविवारी बाहेर मनासारखं खायला पैसे. वरण-भात आणि एक चपाती यावर दिवसभर राबणारं शरीर चालत नाही. न्याहारीला भरपेट पोळी किंवा पाव, दोन्ही जेवणांना भात, भाजी, प्रथिनाचा तळहाताएवढा भाग आणि एक फळ, एवढं किमान धरा. आणि ती उभ्याने, सगळ्यांनंतर, उरलेलं खाते आहे का, याकडे लक्ष ठेवा. बर्मी लोक भेटल्यावर "सा पी बी ला" विचारतात, जेवलीस का? हे तीन-चार शब्द पाठ करा. मराठी घराला हा प्रश्न शिकवावा लागत नाही.

कामं सांगताना एका वेळी एकच सांगा, करून दाखवा, मग तिला करून दाखवायला सांगा. आठवड्याचं वेळापत्रक चित्रांसह फ्रिजवर लावा. ओरडून सांगू नका, विशेषतः इतरांसमोर. तिथल्या रीतीत तो मोठा अपमान असतो, आणि त्यानंतर ती चुका सांगायचं थांबवते. डोक्याला हात लावणं, पायाने वस्तू दाखवणं किंवा सरकवणं टाळा.

सुट्टी, झोप, खिडक्या

आठवड्याला एक सुट्टी कायद्याने आहे. तिच्या संमतीने सुट्टीच्या दिवशी काम घेतलं तर किमान एका दिवसाचा पगार किंवा त्याच महिन्यात बदली सुट्टी द्यावी लागते. दिवसाचा पगार म्हणजे महिन्याचा पगार भागिले २६. ६०० ला २६ ने भागलं की २३.०८. पण १ जानेवारी २०२३ पासून महिन्यातली किमान एक सुट्टी पैशांत बदलता येत नाही, ती द्यावीच लागते. कर्ज फिटेपर्यंत सुट्टी नाही, हा एजन्सीचा सल्ला कोणी दिला तर तो बेकायदा आहे. सुट्टीच्या दिवशी बऱ्याच जणी सिटी हॉलजवळच्या पेनिन्सुला प्लाझात जातात, तिथे बर्मी दुकानं आणि खाणावळी आहेत. बौद्ध मुली ताई जिन रोडवरच्या बर्मी विहारात, ख्रिस्ती मुली आपापल्या चर्चमध्ये. पहिल्या सुट्टीला एमआरटीपर्यंत सोबत जा आणि ईझेड-लिंक कार्ड वापरून दाखवा.

झोपायला गादी, हवा आणि आडोसा हवा. मोठ्या पुरुषाच्या किंवा किशोरवयीन मुलाच्या खोलीत झोपवता येत नाही. कॅमेरे असतील तर तिला दाखवून सांगा, ती झोपते, कपडे बदलते किंवा आंघोळ करते तिथे ते नकोत.

खिडक्यांच्या बाहेरच्या काचा पुसायला लावायच्या तर दोन अटी आहेत: जाळी कुलूपबंद असावी आणि मोठं माणूस शेजारी उभं असावं. तळमजल्यावरच्या आणि कॉरिडॉरकडे उघडणाऱ्या खिडक्या तेवढ्या यातून वगळल्या आहेत. उंच मजल्यांवरून पडलेल्या हेल्परांमुळे हा नियम आला, कुणाच्या हौसेने आलेला नाही. तिला नणंदेच्या घरी किंवा तुमच्या दुकानात कामाला पाठवणं हाही गुन्हा आहे.

पगार महिना संपल्यावर सात दिवसांच्या आत. बँक खातं उघडून द्या. ती मागेल तर खात्यातच द्यावा लागतो.

तपासण्या, आणि बिनसलं तर

दर सहा महिन्यांनी तिची वैद्यकीय तपासणी होते. २०२१ पासून डॉक्टर वजन आणि मारहाणीच्या खुणाही बघतात. त्यामागे एक घटना आहे. जुलै २०१६ मध्ये चोवीस वर्षांची म्यानमारची हेल्पर मालकाच्या घरात छळाने मेली, तेव्हा तिचं वजन २४ किलो होतं. तिच्याकडे फोन नव्हता, सुट्टी नव्हती. मालकिणीला २०२१ मध्ये तीस वर्षांची शिक्षा झाली. डॉक्टरला तिच्याशी एकटीशी बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा.

पहिल्या तीन महिन्यांत एजन्सीने एकदा तरी चौकशीचा फोन किंवा भेट करायची असते. तो फोन आला नाही तर तुम्हीच मागा, आणि दुभाषासह. त्याच दिवशी तिला घरकाम करणाऱ्यांसाठीच्या सीडीई या केंद्राचा आणि त्यांना मदत करणाऱ्या फास्ट व होम या संस्थांचा नंबर फोनमध्ये साठवून द्या. तक्रारीची वाट उघडी असलेली मुलगी पळून जात नाही.

बिनसलंच तर आधी दुभाष्याला घेऊन बसा आणि तीन गोष्टी वेगळ्या करा: काम येत नाही, काम समजत नाही, की मन लागत नाही. येत नसेल तर शिकवा, समजत नसेल तर भाषा बदला. मन लागत नसेल तर बहुतेकदा कारण घरी पैसे न पोचणं हेच असतं, तिथे हप्ता १०० ने कमी करून पाहा. तरीही नाही जमलं तर बदलीसाठी लेखी संमती देणं हा सगळ्यांना कमी त्रासाचा मार्ग. परत पाठवायची वेळ आली तर तिकीट तुमचं, आणि तिकीट यांगोनपर्यंतचं की तिच्या गावाच्या जवळच्या विमानतळाचं, तिला विचारून काढा. निघण्याआधी शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार चुकता करून हिशेबाच्या कोष्टकावर दोघांच्या सह्या घ्या.

जमलं तर परमिट संपायच्या तीन महिने आधी नूतनीकरणाचं बोला. घरी जायची रजा आणि तिकीट करारात कसं लिहिलं आहे ते काढून बघा, पासपोर्ट किती उरला ते बघा. एप्रिलमधल्या थिंगयानला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला जायचं असेल तर तिकीट जानेवारीतच काढा. आणि ती जाण्याआधी, परत येण्यासाठी म्यानमारमधून निघताना लागणारे कागद पुरे आहेत का, हे यांगोनच्या एजन्सीकडून लेखी मागवा.